डनलॉप : हवेवर भार तोलणारा गुरांचा डॉक्टर

कंबरदुखीचे रुग्ण बाह्यरुग्ण विभागात आले की एक प्रश्न हमखास विचारतात. डनलॉपच्या गादीवर झोपावे की साध्या कापसाच्या? आपल्याकडे डनलॉप हा शब्द आता गादीलाच चिकटला आहे. मऊ फोमची, दाबली की खाली जाणारी आणि सोडली की वर येणारी कोणतीही गादी म्हणजे डनलॉप. हे एका माणसाचे आडनाव आहे आणि तो माणूस गुराढोरांचा डॉक्टर होता, हे सांगितले की रुग्ण कंबर विसरून ऐकू लागतात. गंमत म्हणजे ती गादी त्यांनी स्वतः कधी पाहिलीच नाही. त्यांच्या नावाच्या कंपनीने तो फोम तयार केला १९२९ मध्ये, आणि ते वारले होते १९२१ साली.

त्यांची आठवण या आठवड्यात निघायला कारण वेगळेच झाले. उन्हाळी सुट्टीत आमच्या अपघात विभागात एक कुटुंब आले होते. सहलीसाठी भाड्याने घेतलेल्या कॅम्पर व्हॅनचे मागचे टायर महामार्गावर फुटले आणि गाडी दुभाजकाला घासत गेली. आजोबांचे मनगट मोडले, नातीच्या कपाळाला टाके पडले, गाडी चालवणाऱ्या मुलाच्या हाताला प्लास्टर घालावे लागले. बाकीचे खरचटण्यावर निभावले. प्लास्टर सुकेपर्यंत बोलता बोलता मी त्याला विचारले, निघताना टायरमध्ये हवा किती भरली होती? त्याने सांगितले, आमच्या कारमध्ये भरतो तेवढीच. म्हणजे ३३. कारसाठी तो आकडा बरोबर होता. पण पाच-सहा माणसे, पाण्याची टाकी, गॅस सिलिंडर, फ्रिज आणि पलंग घेऊन निघालेल्या गाडीसाठी तो फार कमी होता.

टायरमधली हवा ही पंक्चरवाल्याने बघायची गोष्ट आहे, असे आपण समजतो. पण गाडीचा सगळा भार ती हवाच पेलत असते. हे ज्यांनी जगाला दाखवून दिले, त्यांची गोष्ट आज सांगतो.

नाजूक प्रकृतीचा मुलगा

जॉन बॉइड डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधल्या एअरशायर परगण्यात, ड्रेगहॉर्न या गावी, एका शेतकरी कुटुंबात झाला. हे मूल दोन महिने अगोदर जन्मले, असे आईवडिलांनी त्यांना सांगितले होते. त्यामुळे आपली प्रकृती जन्मजात नाजूक आहे, ही समजूत त्यांच्या मनात पक्की बसली आणि आयुष्यभर ते स्वतःला जपत राहिले. प्रत्यक्षात मोठे असे दुखणे त्यांना बहुतेक कधी झालेच नाही आणि ते ८१ वर्षे जगले. अशी माणसे आम्हा डॉक्टरांना रोज भेटतात. लहानपणी कुणीतरी अशक्त म्हटलेले असते आणि तो शिक्का साठीतही पुसला जात नाही.

शेतावर राबण्याऐवजी जॉन यांनी एडिंबरोच्या डिक व्हेटरनरी कॉलेजात पशुवैद्यकाचे शिक्षण घेतले आणि १९ व्या वर्षी ते पात्र डॉक्टर झाले. काही वर्षे स्कॉटलंडमध्येच काम करून १८६७ मध्ये ते आयर्लंडला गेले. आधी डाउनपॅट्रिक या गावी भावाबरोबर आणि नंतर बेलफास्ट शहरात त्यांनी दवाखाना थाटला. १८७१ मध्ये मार्गारेट स्टीव्हन्सन यांच्याशी त्यांचे लग्न झाले. त्यांना एक मुलगा आणि एक मुलगी अशी दोन अपत्ये झाली. चाळिशी उलटेपर्यंत त्यांचा दवाखाना आयर्लंडमधल्या मोठ्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत गणला जाऊ लागला होता.

त्या काळी सगळी वाहतूक घोड्यावर चाले. त्यामुळे घोड्याचा डॉक्टर हा शहराच्या दळणवळणाचाच डॉक्टर होता. बेलफास्टचे रस्ते दगडी फरसबंदीचे, आणि गाड्यांच्या लाकडी चाकांवर लोखंडी धाव. आपल्या बैलगाडीच्या चाकाला असते तशीच. चाकाखाली दगड आला की चाक त्यावरून चढते, गाडीचा सगळा भार तेवढा वर उचलला जातो आणि मग आदळतो. ती उचलण्याची ताकद घोड्याच्या अंगातून जाते आणि प्रत्येक हादरा माणसाच्या मणक्यापर्यंत पोहोचतो.

एका डॉक्टरची फिरती खोली

डनलॉप बेलफास्टमध्ये घोडे तपासत होते, त्याच काळात त्यांच्याच देशाचा एक माणूस घोड्यांना घर जुंपत होता. विल्यम गॉर्डन स्टेबल्स हे ब्रिटिश नौदलातून निवृत्त झालेले स्कॉटिश डॉक्टर. मोकळी हवा आणि भटकंती प्रकृतीला हितकारक, असे मानून त्यांनी ब्रिस्टलच्या कारखान्यातून सुमारे २ टन वजनाची, दोन घोड्यांनी ओढायची फिरती खोली बांधून घेतली. तिचे नाव वाँडरर. १८८५ च्या उन्हाळ्यात ते तिच्यातून दक्षिण इंग्लंडहून पार स्कॉटलंडमधल्या इनव्हरनेसपर्यंत गेले. आजच्या सहलीच्या कॅराव्हॅन आणि मोटरहोम यांची ही पणजी. पुढचा रस्ता बघायला आणि समोरून येणाऱ्यांना सावध करायला त्यांचा नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जात असे.

अशाच एका तीनचाकी सायकलीने, दोनच वर्षांनी, या फिरत्या घरांचे पुढचे भवितव्य ठरवले.

अंगणातला प्रयोग

डनलॉप यांचा मुलगा जॉनी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा होता. प्रकृतीसाठी त्याने सायकल चालवावी, असा सल्ला घरच्या डॉक्टरांनी दिला होता, असे सांगतात. पण त्याच्या तीनचाकीला भरीव रबराचे टायर होते आणि बेलफास्टच्या दगडांवरून जाताना ती पोराला खिळखिळे करून सोडी. ऑक्टोबर १८८७ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी, डनलॉप यांनी यावर उपाय शोधायला घेतला.

त्यांनी सुमारे ९६ सेंटिमीटर व्यासाची एक लाकडी तबकडी घेतली. पातळ रबराची नळी करून ती तबकडीच्या कडेवर बसवली, वरून लिननचे कापड ताणून खिळ्यांनी पक्के केले आणि फुटबॉलच्या पंपाने नळीत हवा भरली. मग अंगणात दोन चाके एकापाठोपाठ घरंगळत सोडली. आधी तीनचाकीचे भरीव टायरचे चाक. ते थोडे अंतर जाऊन आडवे झाले. मग हवेचे चाक. ते अंगण ओलांडून गेले, फाटकाच्या खांबावर आपटले आणि उलटे फिरले.

दोन्ही चाकांना जोर सारखाच दिला होता, मग हा फरक कुठून आला? भरीव चाक प्रत्येक खड्याशी झगडते आणि त्यात जोर संपवते. हवेचे चाक खड्याला पोटात घेते. तेवढ्या जागी रबर आत दबते, आतली हवा तो दाब सगळ्या नळीभर वाटून घेते आणि खडा मागे पडताच रबर पुन्हा बाहेर येते. चाकाचा मध्य जवळजवळ आहे त्याच उंचीवर राहतो. म्हणून गाडी आदळत नाही आणि जोरही वाया जात नाही. पाण्याच्या किंवा हवेच्या गादीवर निजलेल्या रुग्णाला शय्याव्रण कमी होतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे. भार एका टोकावर न येता पसरतो.

जॉनीच्या तीनचाकीच्या मागच्या चाकांना असे टायर बसले. त्यानंतर दुचाकीचा प्रयोग झाला आणि १८८८ मध्ये डनलॉप यांनी पेटंट घेतले.

हसणारे आणि हरणारे

हे जाडजूड टायर पाहून सुरुवातीला लोक हसले. बेलफास्टच्या सायकल क्लबचा कप्तान विली ह्यूम याने मात्र हिंमत करून तशी सायकल विकत घेतली. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर झालेल्या शर्यतींत तो उतरला आणि चारही शर्यती त्याने जिंकल्या. लवकरच लिव्हरपूललाही त्याने एक सोडून सगळ्या शर्यती मारल्या. हरलेल्यांत डब्लिनचे मोठे व्यापारी हार्वे द्यू क्रो यांचे मुलगे होते. मुलांना हरवणाऱ्या चाकात पैसा आहे, हे बापाने ओळखले. त्यांच्या पुढाकाराने डब्लिनमध्ये कंपनी उभी राहिली, आणि थोड्या मोबदल्यावर व समभागांवर डनलॉप यांनी आपले पेटंट तिच्या स्वाधीन केले.

पुढच्याच वर्षी धक्का बसला. रॉबर्ट विल्यम थॉमसन या दुसऱ्या एका स्कॉटिश माणसाने १८४५ मध्येच हवेच्या टायरचे पेटंट घेतल्याचे उघडकीस आले. थॉमसन यांनी घोडागाडीला कातड्याचे आवरण असलेल्या हवेच्या नळ्या बसवून १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये त्यांची चाचणीही घेतली होती. पण तेव्हा सायकली नव्हत्या, रबर महाग होते आणि घोडागाडीवाल्यांना त्याची निकड वाटली नाही. शोध विस्मरणात गेला आणि थॉमसन १८७३ मध्ये वारले. डनलॉप यांना त्यांची माहिती नव्हती. तरीही कायद्याच्या दृष्टीने शोध पहिल्याचा, त्यामुळे डनलॉप यांचे पेटंट निष्प्रभ ठरले. वैद्यकाच्या इतिहासातही हे पुष्कळदा घडते. शोध पहिल्यांदा लागतो तेव्हा त्याची गरज असलेला रुग्ण समोर नसतो. दुसऱ्यांदा लागतो तेव्हा दारात रांग उभी असते.

कंपनी तगली ती दुसऱ्यांच्या पेटंटांवर. डनलॉप यांचा मूळ टायर चाकाला चिकटवलेला असे आणि पंक्चर काढायचे म्हणजे सगळे सोलून काढावे लागे. १८९० च्या सुमारास चार्ल्स वेल्च यांनी कडेला तार असलेला, काढता-घालता येणारा टायर आणला. कंपनीने त्याचे हक्क घेतले आणि आजचा टायर त्याच वाटेने पुढे गेला. १८९५ मध्ये फ्रान्सच्या मिशेलिन बंधूंनी पॅरिस ते बोर्दो आणि परत या शर्यतीत हवेच्या टायरची मोटार उतरवली. वाटेत पंक्चर अनेक झाले, पण हवा मोटारीचाही भार पेलू शकते, हे दिसले.

त्याच वर्षी डनलॉप कंपनीतून बाहेर पडले. पुढच्या वर्षी द्यू क्रो यांनी ती ३० लाख पौंडांना विकली. डनलॉप यांच्याकडे उरला तो एका कापड दुकानातला वाटा. आयुष्याच्या अखेरीस तर आपल्याच नावाच्या कंपनीविरुद्ध त्यांना न्यायालयात जावे लागले, कारण जाहिरातींत त्यांचे चित्र उंच टोपी, छडी आणि एकडोळी चष्मा लावलेल्या छानछोकी माणसाच्या रूपात छापले जात होते. ते स्वतः साधे, दाढीधारी, स्वतःला जपणारे गृहस्थ होते. ऑक्टोबर १९२१ मध्ये सर्दी-थंडीचे निमित्त झाले आणि डब्लिनच्या राहत्या घरी त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या आठवणी पुढे मुलीने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या.

आपल्याकडे त्यांचे नाव पोहोचले ते कंपनीमुळे. बंगालमध्ये हुगळीकाठी साहागंजला १९३६ मध्ये डनलॉपचा टायर कारखाना सुरू झाला आणि पुढे गादीही आली.

दवाखान्यातली सायकलची नळी

डनलॉप यांचे आम्हा डॉक्टरांवर आणखी एक ऋण आहे. १८९६ मध्ये इटलीतल्या तुरीन शहरात शिपिओने रिव्हा-रोची या डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे यंत्र केले. पट्ट्यासाठी त्यांनी वापरली ती सायकलच्या टायरमधली नळी. जॉनीच्या तीनचाकीनंतर नऊच वर्षांनी ती रबरी नळी माणसाच्या दंडाभोवती आली. आजही मी रुग्णाच्या दंडावर पट्टा फुगवतो, तेव्हा ते त्याच तत्त्वावरचे काम असते.

दोन्ही दाबांची तुलना करून पाहण्यासारखी आहे. आपला वरचा रक्तदाब १२० मिलिमीटर पारा, म्हणजे टायरच्या मापात २.३ पीएसआयच्या आसपास. कारच्या टायरमधले ३३ पीएसआय म्हणजे सुमारे १७०० मिलिमीटर पारा. एवढा दाब लागतो, कारण त्यावर लोखंड आणि माणसे उभी असतात.

आपल्या गाडीचा आकडा कसा शोधावा

आता त्या कॅम्पर व्हॅनकडे येतो. २०२१ मध्ये राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, आणि झोपण्या-रांधण्याची सोय असलेल्या गाड्या आता आपल्याकडेही भाड्याने मिळतात. म्हणून हे नीट समजून घ्यावे.

ढोबळ गणित असे. चाकावरचा भार भागिले हवेचा दाब म्हणजे टायर जमिनीला टेकतो तो भाग. समजा मागच्या धुरीवर १९०० किलो भार आहे आणि दोन टायर आहेत. प्रत्येकावर ९५० किलो. दाब ६० पीएसआय असेल तर साधारण २२५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे १५ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा चौकोन टेकेल. दाब ३३ ठेवला तर ४०० चौरस सेंटिमीटरहून जास्त. एवढे टेकायचे तर टायरला फार चपटे व्हावे लागते. चाकाच्या प्रत्येक फेरीत त्याची बाजू दुमडते आणि सरळ होते. तार वाकवून वाकवून गरम होते आणि तुटते, तसेच इथे होते. वेग, उन्हाने तापलेला डांबरी रस्ता आणि भार एकत्र आले की आतले थर सुटतात आणि टायर फुटतो. उलट, गरजेपेक्षा जास्त हवा भरली तर टायर मधोमधच टेकतो, पकड कमी होते, ब्रेक लावल्यावर गाडी लांब जाते आणि हादरे वाढतात.

म्हणून आधी भार मोजावा. गाडी सहलीला निघते तशी भरावी. पाण्याची टाकी, गॅस, सामान, माणसे, सगळे. पाण्याचे १०० लिटर म्हणजे १०० किलो. मग वजनकाट्यावर पुढची आणि मागची धुरी वेगवेगळी तोलून घ्यावी. शक्य असेल तिथे डावी-उजवी बाजूही. स्वयंपाकाचा ओटा आणि टाकी एकाच बाजूला असतील तर ती बाजू जड भरते. अशा वेळी जड बाजूला लागणारा दाबच त्या धुरीच्या दोन्ही टायरांत ठेवावा. मागे जोडटायर असतील तर भार चौघांत वाटला जातो, पण आतल्या टायरची हवा तपासायला बरेच जण विसरतात.

भार कळला की टायर उत्पादकाचा तक्ता पाहावा. त्यात टायरच्या मापानुसार किती किलोला किती दाब हे दिलेले असते. दाराच्या चौकटीवरचा आकडा मूळ गाडीचा असतो. ती व्हॅन नंतर घरासारखी सजवली असेल तर तिचे वजन बदललेले असते आणि तो आकडा पुरत नाही. टायरच्या बाजूवर छापलेला कमाल दाबही डोळे मिटून भरू नये. तो टायरच्या कमाल भाराशी जोडलेला असतो. आणि कमाल भारापेक्षा आपला भार जास्त भरला तर हवा वाढवून भागत नाही, सामान उतरवावे लागते. काही टायरांवर सीपी अशी अक्षरे असतात. ते खास कॅम्पर गाड्यांसाठी मजबूत केलेले असतात आणि त्यांचा तक्ताही वेगळा असतो.

रक्तदाब मोजण्याआधी आम्ही रुग्णाला पाच मिनिटे शांत बसवतो. टायरला निदान तीन तास विश्रांती द्यावी आणि सकाळी निघण्यापूर्वी, सावलीत, थंड असताना दाब बघावा. धावल्यावर दाब वाढतोच. ६० पीएसआयच्या आसपासच्या टायरमध्ये दर १० अंश सेल्सिअसला अडीच पीएसआयच्या आसपास वाढ होते. तापलेल्या टायरचा वाढलेला आकडा पाहून हवा सोडू नये. थंड झाल्यावर ती कमी पडते.

शेवटी टायरचे वय. सहलीच्या गाड्या महिनोन् महिने उभ्या असतात. नक्षी नव्यासारखी दिसते, पण रबर उन्हाने आणि काळाने कडक होते, भेगाळते. टायरच्या बाजूवर चार अंक असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. गाडी भाड्याने घेताना रंग आणि गाद्या पाहतो, तसे हे चार अंकही पाहावेत. स्टेपनीचेही पाहावेत.

तो मुलगा सहा आठवड्यांनी प्लास्टर काढायला आला, तेव्हा त्याला मी हे सगळे सांगितले. त्याने खिशातून एक छोटे प्रेशर गेज काढून दाखवले. नवीन घेतले होते. त्याच्या आजोबांचे मनगट मात्र अजून पूर्ण वळत नाही. त्यांचे व्यायाम चालू आहेत. सुट्टीत मोठी गाडी घेऊन निघणार असाल तर आदल्या दिवशी एक फेरी वजनकाट्यावर मारा आणि सकाळी दहा मिनिटे टायरसाठी ठेवा.